कोपनहेगनला आई बसून राहिली

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या घरात बाबा आल्याची वर्दी गॅरेजचं दार द्यायचं. ते वर जायला लागलं की सगळ्या भिंतींतून घरघर व्हायची, स्वयंपाकघरातल्या रॅकवर वाट्या किणकिणायच्या आणि आम्ही तिघी आपापल्या जागी जायचो. माझी धाकटी बहीण मीनू टीव्ही बंद करायची. मी फोन खाली ठेवायचे. आई कॅसेट प्लेअरचं बटण दाबून पुण्याच्या माणसांना बोलता बोलता गप्प करायची. बाबा तापट होते असं कुणाला वाटू नये म्हणून सांगते, त्यांनी आमच्यावर कधी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. ते एका मोठ्या कंपनीत इंजिनियर होते, दमून यायचे, शांतपणे जेवायचे, आणि जेवताना आम्हाला शाळेतलं विचारायचे. पण गॅरेजचं दार उघडेपर्यंत घर आमचं असायचं आणि नंतर त्यांचं व्हायचं, एवढं खरं.

त्या कॅसेटी पुण्याहून मावशी भरून पाठवायची. फोन महाग, पत्राला वेळ लागायचा, म्हणून ती टेपरेकॉर्डर समोर ठेवून तासभर बोलायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर कॅसेट पाठवून द्यायची. आई ती लावून पोळ्या लाटायची. मला वाटायचं ती मावशीचं बोलणं ऐकते. पण ती काही ठरावीक जागा पुन्हा पुन्हा मागे घेऊन ऐकायची, आणि तिथे मावशी विशेष काही बोलत नसे. मागे बोहारीण ओरडत असे, शेजारचा कुकर शिट्टी देत असे, कुणीतरी जिन्यावरून खाली हाक मारत असे. आमच्या रस्त्यावर दिवसा माणूस दिसत नसे. फुटपाथ नव्हता, दुकान चालत जाण्यासारखं नव्हतं, आणि आईला गाडी येत नव्हती. बाबा ऑफिसला, आम्ही दोघी शाळेत, आणि ती जाड गालिच्याच्या त्या घरात दुपार उलटेपर्यंत एकटी. हे मी आज लिहिते आहे. सोळाव्या वर्षी आई घरात असते, एवढंच मला माहीत होतं.

त्या वर्षी हिवाळ्यात आमच्या ओळखीतल्या दामलेकाकांची रेवा घर सोडून गेली. आमची सात-आठ मराठी कुटुंबं होती, आलटून पालटून एकमेकांकडे जमायची. बेसमेंटमध्ये काका लोक, स्वयंपाकघरात काकू, आणि फॅमिली रूममध्ये आम्ही मुलं, इंग्रजीत. रेवा आमच्यात सगळ्यांत मोठी. कॉलेजचं पहिलं वर्ष अर्धवट टाकून ती एका मित्राबरोबर डेन्व्हरला राहायला गेली, आणि मग दामलेकाका-काकू यायचेच बंद झाले. त्यांचं नाव कुणी काढत नसे. पण त्यानंतर प्रत्येक घरात काहीतरी आवळलं गेलं. आमच्याकडे माझ्या खोलीतला फोन काढला. मी शाळेच्या नाटकात होते, त्याच्या तालमी संध्याकाळी असायच्या, ते बाबांनी कॅन्सल केलं. कुणाच्या गाडीतून घरी यायचं नाही असं ठरलं. मी विचारलं, "मी काय केलं?" बाबा म्हणाले, "तू काहीच केलेलं नाहीस." त्यांना यात मला धीर द्यायचा होता. मला मात्र तेव्हापासून श्वास पुरेनासा झाला. काही केलं असतं तर माफी तरी मागता आली असती.

म्हणून उन्हाळ्यात पुण्याला जायचं ठरलं तेव्हा मला आनंदच झाला. वाटेत कोपनहेगनला विमान बदलायचं होतं, आणि बाबांनी मुद्दाम असं विमान निवडलं की सकाळी उतरून संध्याकाळपर्यंत शहर बघता यावं. लायब्ररीतून पुस्तकं आणून त्यांनी दिवसाचा आराखडा केला. आधी बोट, मग राजवाड्यासमोर शिपायांची पाळी बदलते ते, मग एक गोल मनोरा. त्यांचा चेहरा त्या दिवसांत किती खुलला होता ते मला आठवतं. आमचं कुटुंब युरोप बघणार होतं. आईने दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली, सगळं फॉइलमध्ये गुंडाळलं. माझी बॅग तिनेच भरली. त्यात माझे स्वेटर घालताना बघून मी हसले.

"आई, जूनमध्ये?"

"असू दे," ती म्हणाली. "लागतात."

कोपनहेगनला उतरलो तेव्हा रात्र मध्येच कुणीतरी काढून घेतल्यासारखं वाटत होतं. झोप झालेली नव्हती आणि बाहेर लख्ख, थंड ऊन होतं. मोठ्या बॅगा पुढच्या विमानाकडे गेल्या होत्या. पासपोर्ट आणि तिकिटं बाबांच्या शर्टाच्या आत, गळ्यात अडकवलेल्या कापडी पाकिटात होती. आई कार्डिगन आणि साडीत, पायात बूट, हातात दशम्यांची पिशवी. रस्त्यावर सायकलीच सायकली होत्या. माझ्याएवढ्या मुली एका हाताने हँडल धरून, केस उडवत, एकट्या चालल्या होत्या, आणि त्यांच्याकडे कुणी वळूनही बघत नव्हतं. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या बेकरीतून लोणी आणि वेलदोड्याचा वास येत होता. आईने थांबून एकदा खोल श्वास घेतला. "दिवाळीसारखा वास आहे," ती म्हणाली. बाबा घड्याळ बघत म्हणाले, "चला, बोट सुटेल."

ती बोट लांबट, चपटी आणि उघडी होती. रंगीत घरांच्या रांगेसमोरून ती कालव्यात शिरली. बाबा आणि आई पुढच्या बाकावर, मी आणि मीनू त्यांच्या मागे. एक तरुण मुलगी माईकवरून तीन भाषांत माहिती सांगत होती, आणि प्रत्येक पुलाआधी बजावत होती की उठू नका, हात बाहेर काढू नका. पूल इतके खाली होते की दगड डोक्यावरून सरकताना त्यांचा ओला गारवा कपाळाला लागायचा. अशाच एका पुलाखालून बाहेर येताना मीनू माझ्या कानाशी लागली. ती नऊ वर्षांची होती आणि तिच्या पोटात काही राहत नसे.

"कॅन आय पेंट युअर रूम यलो?" ती म्हणाली.

"माझी रूम का?"

"बिकॉज इट्स गोइंग टू बी माइन. यू आर स्टेइंग विथ आत्या."

मला आधी वाटलं, सुट्टीपुरतं म्हणते आहे. मग स्वेटर आठवले. मी पुढे वाकून बाबांच्या खांद्याला हात लावला आणि विचारलं, "बाबा, मी पुण्यात राहणार आहे का? उन्हाळा संपल्यावरसुद्धा?"

ते वळले नाहीत. त्यांची मान मात्र ताठ झाली. "आपण पुण्याला पोचल्यावर नीट बोलू," ते म्हणाले.

"म्हणजे हो?"

"चांगलं कॉलेज आहे, शुभा. आत्या आहे. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. मग पुढचं शिकायला ये परत."

त्यानंतर तो माईकवरचा आवाज, पाणी, डाव्या हाताचं एक चर्च, उजव्या हाताची गोदामं, सगळं तसंच चालू राहिलं. मला उठायचं होतं. कुठेही जायचं होतं. पण पुढे पूल, आजूबाजूला पाणी, आणि एका जर्मन जोडप्याचे गुडघे माझ्या वाटेत. मी बसून राहिले. आईची पाठ माझ्यासमोर होती. ती एकदाही वळली नाही. पिशवीचे बंद तिने हाताभोवती इतके गुंडाळले होते की बोटं पांढरी पडली होती. ती फेरी तासाभराची असेल. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत लांब प्रवास होता, आणि ती बोट फिरून निघाली तिथेच परत आली.

उतरल्यावर मी चालायला लागले. पळाले नाही, नुसती भराभर चालत सुटले, धक्क्याच्या कडेकडेने. मागून बाबांची हाक आली, तरी थांबले नाही. चालताना डोकं मात्र स्वच्छ चालत होतं आणि एकेक दार बंद होताना मला दिसत होतं. पासपोर्ट बाबांच्या गळ्यात. खिशात अमेरिकन नाणी. समोर दिसेल त्याला इंग्रजी येत होतं, पण मी विचारणार काय होते? माझे आईवडील मला आत्याकडे शिकायला ठेवणार आहेत, मला वाचवा? कुणालाही ते चांगलंच वाटलं असतं. धक्का संपला तिथे लोखंडी साखळी होती आणि पुढे उघडं बंदर. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले. मग परत फिरले, कारण दुसरीकडे जायला रस्ताच नव्हता.

बाबा वाटेतच भेटले. ते घामेजले होते आणि घाबरले होते, ते मला दिसलं आणि आणखीच राग आला. ते म्हणाले, "असं करायचं नाही. अनोळखी गाव आहे." आम्ही परत आलो तेव्हा आई कालव्याकडे तोंड करून एका बाकावर बसली होती, शेजारी मीनू. बाकाच्या दुसऱ्या टोकाला टोपी घातलेली एक म्हातारी बाई ऊन खात बसली होती.

"चल," बाबा आईला म्हणाले. "राजवाड्यापाशी शिपाई बदलायची वेळ झाली."

"मी बसते," आई म्हणाली.

"दमलीस का? बरं, थोडं बस."

ते उभे राहिले. रस्त्यावरून बघ्यांचा घोळका राजवाड्याकडे निघाला होता, लांबून बँडचा आवाज येऊ लागला होता. बाबांनी पुन्हा म्हटलं, "चल ना. ते संपेल."

"तुम्ही जाऊन या. मी इथेच आहे."

"आणि मग मनोरा? आणि मग एअरपोर्ट?"

आईने पिशवी मांडीवर घेतली. "अहो, मी एअरपोर्टवर पण येत नाही," ती म्हणाली. "शुभाला तिथे ठेवायचं असेल तर मी इथून उठत नाही."

बाबा हसले. खरंच त्यांना ती थट्टा वाटली. आईने त्यांच्यासमोर नाही हा शब्द उच्चारलेला मी तोवर ऐकला नव्हता. भाजी कोणती करू, पडदे कोणते घेऊ, हेसुद्धा ती त्यांना विचारायची. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं. ते तिच्याजवळ वाकले आणि आवाज एकदम खाली आणून बोलू लागले, त्या गावात मराठी कळणारं कुणी नव्हतं तरी.

"हे आपलं ठरलंय. तूसुद्धा होतीस ठरवताना."

"होते."

"मग आता काय झालं? दामल्यांचं बघितलंस ना तू? त्या माणसाची काय अवस्था झाली आहे बघितलंस?"

"बघितलं. त्यांच्या घरात रेवाशी वर्षभर कुणी धड बोलत नव्हतं, तेही बघितलं."

"मी बोलत नाही का हिच्याशी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी साक्ष द्यावी. मी कालव्याकडे बघत राहिले.

"तिच्या भल्याचंच बघतोय मी," ते म्हणाले. "अक्काने खोली रिकामी करून ठेवली आहे. तिला आता काय सांगू? बायको बाकावर बसली होती म्हणून?"

"तुम्ही नका सांगू. वन्संना मी सांगते."

"तू सांगणार? अक्काला?"

"मी सांगते. सगळं माझ्यावर घाला."

आत्यासमोर माझी आई डोक्यावरचा पदर पडू देत नसे. बाबा सरळ उभे राहिले, दोन पावलं गेले, परत आले. त्यांना ओरडायचं असावं, पण ती म्हातारी बाई त्यांच्याकडे सौम्यपणे बघत होती, आणि परक्या बाईसमोर बायकोला बोलणं त्यांच्या हातून झालं नसतं. बँड वाजत वाजत लांब गेला आणि थांबला. मीनू भुकेने रडायला लागली. तेव्हा बाबा तिचा हात धरून काही न बोलता निघून गेले, चौकातल्या गाडीकडे, जिथे लालभडक सॉसेज पावात घालून देत होते.

आम्ही दोघी उरलो. मला आईला मिठी मारावीशी वाटली नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. मला फक्त भीती वाटत होती की ती उठेल. आईने फॉइल उघडलं, एक दशमी मला दिली, एक चटणी पसरून त्या बाईला दिली. ती बाई आधी नको म्हणाली, मग घेतली, चावली, तिखटाने डोळ्यांत पाणी आणून हसली. आई स्वतः मात्र खाईना. मध्ये मी विचारलं, "आई, विमान चुकलं तर?" ती म्हणाली, "मला काय माहीत गं." तिच्याजवळ पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं. बसून राहणं एवढंच तिला करता येण्यासारखं होतं, आणि ते ती करत होती.

ऊन कलायला लागलं. बोटी भरून जात होत्या, भरून येत होत्या. बाबा आले तेव्हा मीनूचं तोंड सॉसने माखलेलं होतं. आमच्या घरात तोवर मांस कुणी खाल्लेलं नव्हतं, पण त्याबद्दल त्या दिवशी कुणी अवाक्षर काढलं नाही. बाबा बाकाच्या टोकाशी, त्या बाईने सरकून दिलेल्या जागेत बसले. त्यांनी दशमी मागितली नाही. आईनेच पुढे केली. त्यांनी ती सावकाश खाल्ली, बोटं रुमालाला पुसली, आणि पाण्याकडे बघतच बोलले.

"परतीचं तिकीट आहेच तिचं. येण्याजाण्याचं मिळूनच काढलं होतं."

आई तशीच बसून राहिली, त्यांच्याकडे बघत.

"येईल आपल्याबरोबर," बाबा म्हणाले. "ऊठ आता."

मग ती उठली. पाय आखडल्यामुळे तिला एकदम उभं राहता येईना, तेव्हा बाबांनी तिचा दंड धरला. मनोरा आम्ही पाहिला नाही. राजवाडाही नाही. बाबांनी हौसेने घेतलेल्या कॅमेऱ्यात त्या दिवसाचा एकच फोटो आहे, बोटीत चढण्यापूर्वीचा. त्यात आम्ही तिघी हसतो आहोत. तो आता माझ्याकडे आहे आणि माझी मुलं म्हणतात, आई, तुमची काय मस्त ट्रिप झाली असेल.

पुण्यात आईने बोलल्याप्रमाणे केलं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, आत्या चहा गाळत असताना, तिने उभ्याउभ्याच सांगितलं. आत्याने गाळणं खाली ठेवलं. माझ्यासाठी तिने नवे पडदे शिवले होते, टेबल आणलं होतं, कॉलेजात शब्द टाकून ठेवला होता. ती दुष्ट नव्हती, तिला स्वतःची मुलगी नव्हती आणि मी येणार म्हणून ती खरंच आनंदात होती. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा पेपर वाचत होते. "अमेरिकेत राहून तोंड फुटलं म्हणायचं तुला," ती आईला म्हणाली, आणि त्यानंतर आम्ही होतो तेवढे दिवस तिच्याशी एक शब्द बोलली नाही. आई तिच्याच घरात, तिच्याच ओट्यापाशी भाज्या चिरत राहिली, भांडी पुसत राहिली. मावशीकडे राहायला जायचं म्हणाली तर बाबा म्हणाले, आता एवढं तरी नको. त्यामुळे ज्या गावासाठी ती वर्षानुवर्षं झुरली त्या गावात तिचे दिवस मान खाली घालून गेले. मी मात्र रोज दिवस मोजत होते, परत कधी जाते म्हणून.

परतीचं विमान रखडून सकाळी उजाडल्यावर सुटलं. मी आणि आई शेजारी होतो, बाबा आणि मीनू बऱ्याच रांगा पुढे. खाली खाडी, झोपड्या, हिरवे डोंगर दिसले आणि ढगात गेले. आई रडत होती. मावशीची आठवण येत असेल म्हणून मी तिला रुमाल दिला.

"शुभा," ती म्हणाली, "तुला पुण्याला ठेवायचं बाबांच्या मनात नव्हतं. ते मीच सुचवलं होतं."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"रेवा गेल्यावर ते घाबरलेच होते. मी म्हटलं, वन्संकडे ठेवू या. त्यांना पटलं. मग ते त्यांचंच झालं."

"पण का?"

"तू तिथे असतीस तर मला यायला मिळालं असतं. तुझी परीक्षा, तुझं दुखणंखुपणं, काहीतरी निघालंच असतं. मग मी राहिलेही असते कदाचित. मुलीसाठी राहिली म्हणून कुणी नाव ठेवलं नसतं." तिने डोळे पुसले. "मला शॉमबर्गला राहवत नाही गं, त्या घरात."

मी विचारलं, "मग त्या दिवशी का बसलीस?"

"बोटीत तू बाबांना विचारलंस," ती म्हणाली. "मला नाही विचारलंस. तुला वाटलं, आईला यातलं काही माहीतच नसणार."

आई त्या घरात आणखी तीस वर्षं राहिली. शेवटी शिकागोच्याच एका हॉस्पिटलात ती गेली. मी दोन वर्षांनी शिकायला घराबाहेर पडले आणि पुन्हा त्या घरात राहायला आले नाही. तिने मला कधी थांब म्हटलं नाही.

त्या विमानात मात्र तिने शाल ओढून घेतली आणि थोड्या वेळाने झोपली. तिचं डोकं कलंडून माझ्या खांद्यावर आलं. जेवणाची गाडी येऊन गेली, माझा हात बधिर झाला, शेजारच्या माणसाला दोनदा बाहेर जायचं होतं त्याला मी खुणेने थांबवलं. कोपनहेगन येईपर्यंत मी हलले नाही.